'कोडिंगला भाषा लागत नाही' म्हणे!

फळा_खडू: परवा इथं एकानं टाकलं, 'लॉजिक पक्कं असलं की झालं, भाषा-बिषा कवितावाल्यांनी बघावी.' डोकंच फिरलं. मी सोलापुरात बीसीएला शिकवतो. किमान 35 मार्क असतील तर पास दाखवा, एवढाच प्रोग्राम दिला, तर अर्ध्या वर्गानं '35 पेक्षा जास्त' अशी अट घातली आणि काठावरचा गडी नापास! हे लॉजिक कच्चं का वाचन? एररमध्ये लाइन नंबरसकट लिहिलेलं असतं, ते वाचायचं सोडून फोटो काढून व्हॉट्सॲप, 'सर एरर येतंय'. डाइक्स्ट्रा नावाचा मोठा संगणकशास्त्रज्ञ 1975 लाच सांगून गेला, गणिताची आवड आणि मातृभाषेवर पक्की पकड, प्रोग्रामरला हेच लागतं.

सातरस्ता_कोडर: ती पोस्ट माझीच ओ सर. डाइक्स्ट्रा म्हणाला म्हणून खरं काय? अमेरिकेतल्या एमआयटीवाल्यांनी 2020 मध्ये कोड वाचणाऱ्यांचे मेंदू स्कॅन केले, भाषेचा भाग जेमतेम हलला. मी निबंधात कायम काठावर, आज पुण्यात बॅकएंड, म्हणजे ॲपमागचा सर्व्हरचा कोड, सांभाळतो.

फळा_खडू: त्यांना कोड आधीच येत होता! त्याच साली वॉशिंग्टन विद्यापीठानं नवशिक्यांना पायथन ही कोडिंगची भाषा शिकवली, तिथं गणितापेक्षा भाषेची हातोटी जास्त कामी आली.

सातरस्ता_कोडर: 36 जणांवर. आमच्या पुण्याच्या बसमध्ये त्याहून जास्त असतात.

पूर्वभागवाली: मातृभाषा कुठली धरायची ते सांगा आधी. घरी तेलुगू, शाळा मराठी, गल्लीत हिंदी-कन्नड, कॉलेजात इंग्लिश. रिकर्शन, म्हणजे फंक्शननं स्वतःलाच बोलावणं, मला मैत्रिणीनं तेलुगूत सांगितलं तेव्हा डोक्यात बसलं. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, इंग्लिशमध्ये अडखळले तर मॅडम म्हणे, पाठ करून ये.

जर्नलग्रस्त: व्हायवा राहू द्या, आधी ते प्रॅक्टिकलचं जर्नल बंद करा! एम (म्हणजे उद्देश), थिअरी, अल्गोरिदम, सगळं सीनियरच्या फाइलवरून, शेवटी ठरलेलं 'दस वी हॅव स्टडीड', म्हणजे 'अशा रीतीनं आम्ही अभ्यास केला'. आमच्यातल्या एकानं सीनियरचा रोल नंबरपण उतरवला, तरी सही झाली.

फळा_खडू: जर्नलमुळं निदान पेन तरी धरतात.

जर्नलग्रस्त: धरतात की! अख्ख्या फाइलीत स्वतःचं वाक्य एक नाही, आणि तुम्ही भाषेवर लेक्चर देताय?

फळा_खडू: तोंड सांभाळून. मी न वाचता सही करत नाही.

जर्नलग्रस्त: सबमिशनच्या आदल्या दिवशी अख्खा गठ्ठा वाचता? लै भारी सर.

सातरस्ता_कोडर: बरं, 35 वाल्याचं मान्य. आमच्याकडं पण तिकिटात, म्हणजे कंपनीतल्या तक्रारनोंदीत, नुसतं 'चालत नाही' लिहिणारे आहेत, पाठवतो तुमच्याकडं, घ्या निबंध लिहून.

पूर्वभागवाली: जर्नलवर एवढं भांडलात, माझ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही.