जिन्याच्या पायऱ्या: नियमावलीतला आकडा धरायचा की गवंड्याचं ऐकायचं?

घर_बांधतोय:
छोटं दोन मजली घर बांधतोय. नकाशा मंजुरीला देण्याआधी नियम स्वतः वाचायचे ठरवलं आणि जिन्यातच अडकलो. भारताची राष्ट्रीय इमारत संहिता (2016) म्हणते, घरातल्या जिन्याची पायरी जास्तीत जास्त 190 मिमी उंच आणि निदान 250 मिमी रुंद हवी. अमेरिकेत चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय निवासी संहितेत उंची साधारण 196 मिमीपर्यंत चालते. मग खरं काय? माझी स्लॅब ते स्लॅब उंची 3000 मिमी आहे. गवंडी म्हणतो, "पायऱ्या सगळ्या सारख्या ओततो, फरशी बसली की आपोआप जुळतं."

जुना_सुपरवायझर:
190 की 196, यावर रात्र घालवू नका. तुमचा नकाशा जिथे मंजूर होणार तिथे जी नियमावली लागू असेल तिचा आकडा धरायचा. राष्ट्रीय संहिता हा नमुना असतो, स्थानिक यंत्रणेने स्वीकारला तरच तो बंधनकारक होतो.

मला काळजी वाटली ती गवंड्याच्या वाक्याची. आपोआप काही जुळत नाही.

3000 ला 190 ने भागा, 15.8 येतात. म्हणजे 16 राइझर (पायरीची उभी चढण), प्रत्येकी 187.5 मिमी. ट्रेड, म्हणजे पाऊल ठेवायची आडवी बाजू, 250 धरला तर दोन राइझर अधिक एक ट्रेड म्हणजे 625. ही बेरीज 600 ते 640 च्या आसपास असली की पाय अडखळत नाही. फ्रान्सच्या ब्लोंदेलने सतराव्या शतकात मांडलेला हिशेब आहे, आजही त्यावरच काम चालतं. इथवर उत्तम.

आता समजा खालच्या मजल्यावर कोबा आणि फरशी मिळून 60 मिमी चढणार, वरच्या मजल्यावरही तेवढंच, आणि पायऱ्यांवर फक्त 30. गवंड्याने सारख्या ओतल्या तर पहिली पायरी उरते 157.5 ची आणि शेवटची होते 217.5 ची! एकाच जिन्यात 60 मिमीचा फरक. आंतरराष्ट्रीय संहिता एका जिन्यातल्या पायऱ्यांत जेमतेम 9.5 मिमी फरक सोसते, आणि ते उगाच नाही. माणूस दोन-तीन पायऱ्या चढला की पाय उंची पाठ करून घेतो, पुढे खाली बघतच नाही. उंच पायरीला बोट आपटतं, बुटकीवर पाऊल हवेत पडतं.

म्हणून सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लावायच्या आधी फरशीची जाडी ठरवा. कच्च्या कामात पहिली पायरी 217.5, शेवटची 157.5, मधल्या सगळ्या 187.5. मधलं लँडिंगही पायऱ्यांएवढंच, 30 मिमीच चढेल असं बघा, नाहीतर तिथेही हाच घोळ. गवंडी हसेल, हसू द्या. नकाशावर "सर्व उंची तयार फरशीपासून" असं लिहून घ्या आणि भिंतीवर तयार फरशीची पातळी रंगाने मारून ठेवा.

रेघ_मारणारी:
दादांशी सहमत. कठड्याचंही बघा. आंतरराष्ट्रीय संहितेत चार इंचाचा गोळा गजांमधून जाता कामा नये, कारण लहान मुलाचं अंग आत सरकलं की डोकं अडकतं. मात्र पायरी आणि कठड्याची खालची पट्टी यांच्यामधल्या तिकोन्या फटीत सहा इंचाच्या आतलं चालतं. आडव्या पट्ट्या मला स्वतःला आवडत नाहीत. मुलं त्यांची शिडी करतात, नियमात बसल्या तरी.

घर_बांधतोय:
फरशीचा हिशेब कुणीच सांगितला नव्हता. आभार. आता एकच: वरच्या बेडरूमच्या खिडकीला पक्की ग्रील लावायची आहे. त्यालाही नियम आहे का?

जुना_सुपरवायझर:
आहे, आणि तो चोरापेक्षा आगीचा विचार करून केलेला आहे. जिना धुराने भरला तर वरच्या मजल्यावरून बाहेर पडायला खिडकीच उरते. आंतरराष्ट्रीय संहिता झोपायच्या खोलीत साधारण 0.53 चौरस मीटर मोकळी उघडणारी जागा मागते, आणि उघडणाऱ्या भागाची खालची कड खोलीच्या फरशीपासून 1.1 मीटरच्या आसपास, त्याहून वर नको. ग्रील लावता येते, पण ती आतून, किल्ली किंवा पान्याशिवाय उघडली पाहिजे. तुमच्याकडच्या नियमावलीत हे कलम नसलं तरी ग्रीलचा एक भाग बिजागरीवर घ्या. कुलूप लावून किल्ली कपाटात ठेवणार असाल तर मात्र पक्की ग्रील आणि ती, दोन्ही सारख्याच.