फुटबॉलच्या आधीची वीस मिनिटं

ए-१०२: नमस्कार. काल संध्याकाळी सोसायटीच्या मागच्या मैदानावर फुटबॉल खेळताना आमच्या लेकीचा गुडघा दुखावला. कुणाचा धक्का लागला नव्हता. डोक्यानं चेंडू मारायला (हेडर) उडी मारली, एका पायावर खाली आली आणि गुडघा आत वळला. एक्स-रे नीट आहे, पण सूज बरीच आहे, म्हणून एमआरआय सांगितलाय. बाकीच्या लेकरांचं असं होऊ नये म्हणून विचारते, खेळाआधी काही व्यायाम घेता येतील का? बी-३०४ ताई, तुम्ही सांगा की.

सी-४०१ काका: पोरीला जपा. दवाखान्यात जायला गाडी लागली तर केव्हाही फोन करा.

ए-२०५: सोलापूरच्या एप्रिलमध्ये पोरं आधीच तापलेली असतात, त्यांना आणखी वॉर्मअप कशाला? आणि अंधार पडायच्या आत तासभर मिळतो. त्यातली वीस मिनिटं गेली तर खेळणार कधी?

बी-३०४ (फिजिओ): दादा, उन्हानं अंग तापतं, पण उडीनंतर गुडघा कुठं न्यायचा हे ऊन शिकवत नाही. काल झालं ते नेमकं तिथंच. गुडघ्याच्या अशा बऱ्याच दुखापती कुणाशी टक्कर न होता होतात: उडी मारून उतरताना, एकदम थांबताना, दिशा बदलताना. आणि वयात येणाऱ्या मुलींमध्ये गुडघ्यातला लिगामेंट (हाडांना जोडून ठेवणारा पट्टा) फाटण्याचा धोका मुलांपेक्षा दुपटीहून जास्त असतो. तिच्या गुडघ्याचं काय ते एमआरआयनंतरच कळेल. तोवर पायावर जोर नको, बर्फ कापडात गुंडाळून लावा.

बी-३०४: फिफानं, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं, यासाठी ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वॉर्मअप तयार करून घेतलाय. १४ वर्षांपासून पुढच्यांसाठी. आधी ८ मिनिटं हळू धावत सांधे मोकळे करायचे, मग १० मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, शेवटी २ मिनिटं वेगात धावणं आणि वळणं. एकूण १५ व्यायाम. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींचा एक हंगाम अभ्यास झाला, काही क्लबांनी हा वॉर्मअप केला, काहींनी नाही. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. व्यायाम करणाऱ्या क्लबांमध्ये एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशानं कमी होत्या, आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्या.

ए-२०५: निम्म्या? मग वीस मिनिटं द्यायला हरकत नाही. पण रोज?

बी-३०४: पूर्ण संच आठवड्यातून निदान दोनदा. मॅचच्या दिवशी फक्त धावण्याचे भाग केले तरी चालतात. पण आठवडाभर करून सोडून दिलं तर उपयोग नाही.

बी-१०१: माझा नऊ वर्षांचा आहे. त्यालाही हेच का?

बी-३०४: नाही वहिनी, ७ ते १३ साठी वेगळा संच आहे, फक्त सात व्यायामांचा. त्यातले दोन पडायचं कसं हे शिकवतात, आणि मला तेच फार आवडतात. लहान मुलं हात पुढे टेकून पडतात आणि मनगट मोडून घेतात. खांद्यावरून गोल लोळत पडायला शिकली की तो मार हातावर येत नाही. युरोपातल्या चार देशांत हा संच पाहिला, तिथं मुलांच्या दुखापती जवळपास निम्म्यानं घटल्या. आपल्या मैदानावर मुरूम आहे, म्हणून पडण्याचा सराव हॉलमधल्या जाजमावर घेऊ.

सी-४०१ काका: आमच्या वेळी सर पायाची बोटं धरून उभं करायचे, तीस आकडे मोजेपर्यंत. ते नको का?

बी-३०४: काका, खेळ संपल्यावर ताणायला हरकत नाही. पण खेळाआधी नुसतं एका जागी ताणून धरल्यानं दुखापती कमी होतात असं दिसलेलं नाही. त्याऐवजी प्लँक (कोपरं आणि पायाची बोटं टेकून अंग सरळ धरणं), एका पायावर उभं राहून चेंडू फेकणं-झेलणं, स्क्वॉट (गुडघे वाकवून खाली बसून उठणं), आणि गुडघे टेकून सावकाश पुढे झुकणं. या शेवटच्यात जोडीदारानं घोटे घट्ट धरायचे. मांडीची मागची बाजू त्यानं भक्कम होते.

बी-३०४: मोठ्यांनी बाजूला उभं राहून एकच पाहायचं. पोरगं उडी मारून खाली आलं की गुडघा पायाच्या बोटांच्या सरळ रेषेत हवा, आत पडता कामा नये. आणि धपकन नाही, गुडघे वाकवून हलकं उतरायचं. आत गेला तर लगेच ओरडा, “गुडघा बाहेर!” चुकीच्या पद्धतीनं पन्नास उड्या मारण्यापेक्षा नीट मारलेल्या दहा बऱ्या.

बी-१०१: त्याची टाचही दुखते म्हणतो, विशेषतः खेळून आल्यावर. व्यायामानं जाईल?

बी-३०४: या वयात वाढत्या हाडावर ताण येऊन टाच दुखू शकते. पण लंगडत असेल तर खेळ बंद, आधी तपासून घ्या. दुखणं दाबून वॉर्मअप करायचा नाही. संध्याकाळी घरी घेऊन या, बघते.

सेक्रेटरी: धावण्याच्या खुणांसाठी रिकाम्या बाटल्यांत वाळू भरून ठेवतो. किती लागतील?

बी-३०४: बारा. सहा-सहाच्या दोन ओळी, प्रत्येक खुणेत पाच-सहा मीटर अंतर. आणि मे संपेपर्यंत दुपारी चारचा खेळ बंद ठेवू या. सकाळी सहा किंवा संध्याकाळी सहानंतर, पाण्याची बाटली प्रत्येकाकडे हवीच.

ए-२०५: शनिवारी सकाळी सहाला मी येतो. मोठ्या पोरांच्या जोड्या मी लावतो, घोटे कसे धरायचे ते तुम्ही एकदा दाखवा.

ए-१०२: एमआरआय आज अकराला आहे. काका, गाडी लागेल, साडेदहाला निघू.

सी-४०१ काका: सव्वादहाला खाली उभा असतो.