अनुभव: लहान मुलांसोबत पाहिलेले अंगणातले आणि कुंडीतले जीव

लहान मुलाला प्राणी दाखवायचे म्हटले की आपण प्राणीसंग्रहालयाच्या तिकिटांचा किंवा ताडोबाच्या सफारीचा विचार करू लागतो. त्यात गैर काहीच नाही; परंतु तीन-चार वर्षांच्या मुलाला झुडपाआडच्या वाघाचे शेपूट शोधण्यापेक्षा तुळशीवृंदावनामागची गोगलगाय पाहणे अधिक आवडते, असे मला वाटते. ती त्याच्या उंचीवर असते, घाईने निघून जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा भेटू शकते. घराच्या आसपास स्वतःहून येणाऱ्या जीवांविषयीचे अनुभव येथे लिहावेत, ही विनंती. पाळीव कुत्र्या-मांजरांचे किस्से आपण वेगळे घेऊ. मुलाने काय विचारले आणि आपण काय उत्तर दिले, हे मात्र आवर्जून लिहावे.

पुणे, एक आई

आमच्या गच्चीत कढीपत्त्याचे एक कुंडीतले झाड आहे आणि त्याच्यावर सासूबाईंचा हक्क आहे. एका पावसाळ्यात त्याची कोवळी पाने कडेने कुरतडलेली दिसू लागली. शोध घेताना माझ्या ४ वर्षांच्या मुलीनेच पानावर पक्ष्याची शीट पडली आहे असे सांगितले, आणि थोड्या वेळाने तीच शीट चालते आहे असेही सांगितले. ती कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची अळी होती. या अळ्या लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या, तपकिरी आणि पांढऱ्या डागांच्या दिसतात, त्यामुळे पक्षी त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. शेवटची कात टाकल्यावर मात्र त्या पानाच्याच हिरव्या रंगाच्या होतात. गवताच्या काडीने हलकेच स्पर्श केला, तर डोक्यामागून लाल, दुभंगलेले, ओलसर शिंग बाहेर येते आणि त्याला उग्र वास असतो. मुलीला हे इतके आवडले की अळीला सारखे चिडवायचे नाही, असा नियम करावा लागला.

"आजी, तिला फोडणीतला कढीपत्ता चालेल का?" या प्रश्नावर सासूबाईंनी दुसरे रोप आणून दिले आणि पहिले झाड अळ्यांच्या नावे केले. पुढे अळीने फांदीला रेशमाचा एक बारीक धागा कमरेभोवती बांधून घेतला आणि तिचा कोष झाला. कोष पाहण्यात मुलांचा धीर संपतो, हे खरे आहे, कारण बाहेरून काहीच घडत नाही. आम्ही सकाळी दूध पिताना एकदा पाहायचे आणि विषय सोडून द्यायचा, असे ठरवले. कोषाचे कवच पारदर्शक होऊन आतले काळे पंख दिसू लागले, तेव्हा मात्र ती त्या कुंडीपासून हलली नाही. बाहेर आलेले फुलपाखरू चुरगळलेले दिसते, हे तिला अनपेक्षित होते. पंखांत द्रव भरून ते ताठ होईपर्यंत त्याला लोंबकळत राहावे लागते, म्हणून त्याला हात लावायचा नाही, हे तिने त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येकाला बजावले.

ज्यांच्याकडे लिंबाचे झाड आहे त्यांनीही अशा अळ्या शोधाव्यात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेले ब्लू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळी, हेही लिंबाच्या कुळातील झाडांवरच अंडी घालते.

ठाणे, एक बाबा

ताई, अळी बरणीत ठेवावी की झाडावरच राहू द्यावी, हा आमच्या घरातला वादाचा विषय होता. झाडावर राहिली तर गांधीलमाशी किंवा बुलबुल ती उचलून नेतो, आणि तसे घडलेही. मुलगा रडला. बुलबुलाच्या पिलांनाही भूक लागते, हे त्याला त्या वेळी पटले नाही. पण काही दिवसांनी समोरच्या जास्वंदीत बुलबुलाचे घरटे दिसले, तेव्हा त्याने स्वतःच "हिच्याच पिलांनी आपली अळी खाल्ली" असे शांतपणे जाहीर केले. आम्ही तेव्हापासून बरणी काढून टाकली आहे.

देवगड, एक आजोबा

नातू शहरात राहतो आणि शाळा सुरू होण्यापूर्वी जूनमध्ये काही दिवस आमच्याकडे असतो. कोकणात पाहण्यासारखे सर्वांत जास्त याच दिवसांत असते, असे माझे मत आहे. मे महिन्यात आंबे खाऊन परत जाणाऱ्यांना निम्मेच कोकण दिसते. पहिल्या पावसानंतर खळ्यातल्या ओल्या मातीवर मखमली लाल मृगाचे किडे फिरू लागतात. नातवाने त्यांचे पाय मोजले आणि ते आठ भरले, तेव्हा हा किडा खरे म्हणजे कोळ्याच्या नात्यातला आहे, हे मलाही त्याला सांगता आले.

संध्याकाळी व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, बाजूने बेडकांचा आवाज सुरू झाला की आम्ही छत्री आणि बॅटरी घेऊन निघतो. एरवी मातकट हिरवा दिसणारा मोठा बेडूक विणीच्या काळात पिवळाजर्द होतो आणि ओरडताना त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. नातवाला तो रंगवलेला वाटला. त्याहून गमतीची गोष्ट आमच्या न्हाणीमागच्या टाकीच्या भिंतीवर आहे. तेथे पाण्याच्या वर साबणाच्या फेसासारखा एक गोळा चिकटलेला असतो. घरातल्या नव्या माणसाला तो पुसून टाकावासा वाटतो, परंतु ते झाडावरच्या बेडकाचे घरटे असते. मादी स्राव घुसळून फेस करते, त्यात अंडी राहतात, बाहेरचा थर वाळतो आणि आत ओल टिकते; पुढे पिले खालच्या पाण्यात टपकतात. बेडूकमाशांना आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे, आणि शेपूट शेवटी जिरून जाते. नातू परत गेल्यावर मला हे सर्व दूरध्वनीवरून कळवावे लागते आणि "आजोबा, पुढचे पाय आले का?" या प्रश्नाला थातुरमातुर उत्तर चालत नाही.

एक सूचना वडीलधाऱ्यांसाठी करतो. चिऱ्यांच्या राशीत, लाकडांच्या मोळीत आणि दगडाखाली मुलांनी हात घालायचा नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सांगावा. फुरसे, घोणस, मण्यार आणि नाग हे चारही विषारी साप आमच्याकडे आहेत. दाखवायचे असेल तर मोठ्या माणसाने काठीने बाजूला सारून दाखवावे, आणि रात्री बूट व बॅटरी यांशिवाय बाहेर पडू नये.

मुंबई, सातव्या मजल्यावरून

आमच्याकडे अंगण नाही. बाल्कनीत कपडे वाळत घालण्याची दोरी आहे. तिच्या एका टोकाला शिंजीर पक्ष्याच्या मादीने कोळ्याची जाळी, सालीचे तुकडे, वाळलेली पाने आणि सुरवंटांची विष्ठासुद्धा वापरून लोंबते घरटे विणले. प्रवेशाच्या वर छोटे छज्जे होते. ते पाहून मुलीने "तिला पाऊस येणार हे माहीत आहे" असे अनुमान काढले. विणण्याचे आणि अंडी उबवण्याचे काम मादी करते. चमकदार रंगाचा नर मात्र पिलांना भरवायला येतो. फुलांतला मध पिणारे हे पक्षी पिलांसाठी किडे आणि कोळी आणतात, हे आम्हाला पडद्याच्या फटीतून पाहताना कळले. ३ वर्षांच्या मुलीला गप्प बसवणे अशक्य आहे, म्हणून आम्ही खोलीतून पडद्याआडून पाहायचे ठरवले आणि कपडे दुसरीकडे वाळवले. इमारतीच्या सुरक्षारक्षक काकांना रोज घरट्याची खबर मिळत असे.

नागपूर, एक आजी

आमच्या कडुनिंबावर कावळ्याच्या घरट्यात कोकिळेचे पिल्लू वाढले. नातीने विचारले, "कावळ्याला कळत नाही का?" मी म्हटले, चोच उघडून भूक लागली म्हणणाऱ्याला तो भरवतो. या उत्तरावर ती समाधानी नाही आणि अजून विचारते. कुहू कुहू करणारा काळा पक्षी नर असतो आणि मादी ठिपक्यांची तपकिरी असते, हे तिला पटवण्यात एक उन्हाळा गेला.

इंग्लंड, मिडलँड्स

आमच्या घरामागे लहानशी बाग आहे. येथील आरएसपीबी ही पक्षिसंवर्धन संस्था १९७९ पासून जानेवारीच्या अखेरीस बागेतले पक्षी मोजण्याचा उपक्रम घेते. एक तास बसायचे आणि प्रत्येक जातीचे एकाच वेळी जास्तीत जास्त किती पक्षी दिसले, तेवढेच लिहायचे. येऊन गेलेले सर्व मिळवायचे नाहीत. ५ वर्षांच्या मुलाला हा नियम अन्यायाचा वाटतो, कारण रॉबिन चार वेळा येऊनही यादीत एकच राहतो. तोच रॉबिन परत आला हे कशावरून, असे त्याने विचारले, आणि नियम असा का आहे हे मला त्यावरूनच समजावता आले.

उन्हाळ्यात रात्री हेजहॉग हे लहान काटेरी प्राणी येतात. साताऱ्याहून आलेल्या माझ्या आईने पहिल्यांदा पाहून "अगं, हे साळिंदराचे पिल्लू!" म्हटले. काटे असले तरी दोघांचे नाते दूरचे आहे. आईने वाटीभर दूध काढले होते, परंतु त्यांना दूध पचत नाही; म्हणून आम्ही उथळ ताटलीत पाणी आणि थोडे मांजराचे मांसाहारी खाद्य ठेवतो. शेजाऱ्यांच्या संमतीने कुंपणाच्या तळाशी १३ सेंटिमीटर लांबी-रुंदीचे भोक पाडले आहे, कारण या प्राण्याला एका रात्रीत अनेक बागा पालथ्या घालाव्या लागतात. भोकासमोर मुलाने स्वतः चित्र काढून "जा-ये करा" असे मराठीत लिहिले आहे.

नाशिक, एक बाबा

माझ्या मुलाला कोळ्यांची भीती वाटते, आणि ती मलाही वाटते. आमच्या खिडकीत उड्या मारणारा एक बारका कोळी असतो. तो जाळे विणत नाही. डोळ्यांनी पाहून भक्ष्यावर झेप घेतो. बोट हलवले की तो अख्खे अंग वळवून त्या बोटाकडे पाहतो. मुलगा आधी दाराजवळून पाहत असे, मग खुर्चीवरून, आणि आता तो काचेवर बोट फिरवून कोळ्याला फिरवतो. मी अजून खुर्चीपर्यंतच आलो आहे.

धागा काढणाऱ्यांना एक विनंती आहे. पुढच्या खेपेस वटवाघळे आणि घुबडे यांच्याविषयी लिहायला सांगावे. आमच्या पिंपळावर दोन्ही आहेत, आणि मुलाच्या झोपेची वेळ न बिघडवता ते कसे दाखवावेत, हे अनुभवी पालकांकडून कळले तर बरे होईल.