मदत हवी आहे: मामाजी (सासरे) लवकीचा (दुधी भोपळ्याचा) ज्यूस पीत नाहीत, चव मारायला काय टाकू?

मोर्शीची_सून (रात्री ८:४०)
मामाजींना पंधरा दिवसांपासून सकाळी उपाशीपोटी एक पेला लवकीचा ज्यूस देते. आधी गुमान प्यायचे. चार दिवसांपासून अर्धा ठेवतात, म्हणतात "तूच पी". सांबार (कोथिंबीर), पुदिना, काळं मीठ सगळं टाकून पाहिलं. "द्यायचाच कशाला" हे कृपया सांगू नका, नणंदबाईंनी लावून दिलंय. फक्त चवीचं सांगा. उद्या सकाळी पुन्हा द्यायचा आहे, लवकर!

बागवान_वरूड (८:५१)
त्यात दोन संत्र्यांचा रस टाका ताई. मृग बहाराचा शेवटचा माल हाय घरी, गोड हाय. लवकीचा पत्ताच लागणार नाही.

कोल्डप्रेसवाला (८:५५)
मिक्सरमध्ये करता का? कोणता मिक्सर आहे? मिक्सरात रस तापतो, चव तिथंच जाते. कोल्ड प्रेस (हळू दाबून रस काढणारा ज्यूसर) घ्या, मी दोन वर्षांपासून वापरतो.

रात्रपाळी (९:०२)
आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाईन रात्री दोनला येते. कोल्ड प्रेस काय ओलित करताना चालवायचा?

कोल्डप्रेसवाला (९:०४)
ज्यूसरला थ्री फेज लागत नाही राजेहो.

ड्यूटीवरून (९:१०)
ताई, मामाजींचं वय? शुगर, बीपी, किडनीचं काही? गोळ्या कोणत्या?

मोर्शीची_सून (९:१४)
६८. शुगर आहे, गोळी चालू आहे. त्यासाठीच तर ज्यूस, हे उघड आहे ना! मिक्सर साधाच आहे, गाळणीनं गाळते.

ड्यूटीवरून (९:२०)
मग संत्र्याचा रस नको. एका पेल्यात तीन-चार संत्री जातात. सोलून खायला बसलं तर माणूस एक-दोनवर थांबतो. गाळलं की चोथा गेला, साखर तेवढी राहिली, आणि ती रक्तात लवकर चढते. फोडी खाऊ द्या. शुगर एकदम उतरली, घाम सुटला, हात थरथरले, तर मात्र अर्धा कप रस कामाचा.

बागवान_वरूड (९:२३)
आमच्या संत्र्याले नावं ठेवायला व्यापारी पुरेसे हायत जी, तुम्ही कशाला?

रात्रपाळी (९:२५)
भाव काय लागला यंदा?

बागवान_वरूड (९:२६)
इचारू नको.

गावरान_वैद्य (९:३१)
लवकी सोडा, कारल्याचा रस द्या. माझी शुगर त्यानंच आटोक्यात आली.

ड्यूटीवरून (९:३४)
गोळीसोबत कारल्याचा रस घेतला तर शुगर जास्त खाली जाऊ शकते. डॉक्टरांना न सांगता नको. ताई, मुख्य राहिलं: मामाजी चवीला नेमकं काय म्हणतात? तुम्ही स्वतः चाखला?

मोर्शीची_सून (९:४१)
मी नाही चाखला. "कडू हाय" म्हणतात. म्हातारपणी तोंडाची चव जातेच ना? वेल परसातलाच आहे, औषध-फवारणी काही नाही. उन्हानं जरा सुकलाय, विहिरीला पाणी कमी.

ड्यूटीवरून (९:४४)
थांबा. हा ज्यूस उद्या देऊ नका. कडू लवकीत कुकुरबिटासिन असतं, ते विषारी आहे. पाण्याचा ताण पडलेल्या वेलाला कडू फळं येऊ शकतात. साखर, मीठ, संत्रं टाकून चव लपवली तरी विष तिथंच राहतं, शिजवूनही भरवसा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीनंही हेच सांगितलंय: आधी लहान तुकडा चाखा, कडू लागला तर फेका. उलटी, जुलाब, पोटदुखी काही झालं का?

गावरान_वैद्य (९:४७)
उगाच भेव दाखवता. आमचे काका सहा वर्षांपासून पितात.

ड्यूटीवरून (९:४८)
त्यांची लवकी कडू नसेल. कारलं कडूच असतं, लवकी कडू नसते. इथं कडू लागणं हीच खूण.

मोर्शीची_सून (९:५६)
परवा उलटी झाली होती एकदा. आम्हाला वाटलं ऊन लागलं.

ड्यूटीवरून (९:५८)
उद्या सकाळीच डॉक्टरांना दाखवा, हा ज्यूस चालू होता हे आवर्जून सांगा. रात्री पुन्हा उलट्या लागल्या, उलटीत रक्त दिसलं किंवा चक्कर आली, तर सकाळची वाट पाहू नका. याला उतारा नाही, सलाईन वगैरे उपचार दवाखान्यातच होतात.

बीटप्रेमी (१०:०३)
मी बीटाचा ज्यूस घेतला तर लघवी लाल झाली, घाबरून गेलो होतो. हेही तसंच का?

ड्यूटीवरून (१०:०५)
नाही. तो बीटाचा रंग.

मोर्शीची_सून (१०:१७)
आत्ता तुकडा जिभेला लावला. थू! अजून तोंड कडू आहे. वेलावरच्या सगळ्या तोडून फेकल्या. मामाजी झोपलेत, ठीक दिसतात, सकाळी नेतो. आता नणंदबाईंना कोण सांगणार?

कोल्डप्रेसवाला (१०:२०)
मिक्सर कोणता, ते राहिलंच.