घासून जाणारे दोष आणि न जाणारे

गाडीचं दार गॅरेजमधून ठोकून-रंगवून आल्यावर त्यावर संत्र्याच्या सालीसारखा पोत दिसतोय आणि धुळीचे कण अडकलेत, असं तुम्ही म्हणता. हे दोष बहुतेक वेळा वरच्या क्लिअर कोटमध्येच, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरातच असतात, त्यामुळे लगेच पुन्हा रंगवायला सांगू नका. २००० नंबरचा वॉटर पेपर (बारीक पॉलिश पेपर) पाण्यात भिजवून घासला आणि मग कंपाउंड, म्हणजे चकाकी आणणारी पेस्ट मारली की निघतात. फक्त हात हलका हवा. क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचाच, म्हणजे केसाहूनही पातळ. कडांवर तर घासूच नये, तिथला थर आधी उडतो.

शेडचा फरक मात्र घासून जात नाही. माझ्या सिल्व्हर गाडीचं दार गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली झकास दिसलं, उन्हात आल्यावर सावत्र वाटायला लागलं! मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे कण कसे बसलेत त्यावर छटा बदलते, म्हणून शेजारच्या पॅनेलपर्यंत रंग विरवत न्यावा लागतो. गॅरेजवाल्यांनी ते केलंच नव्हतं. भांडून करून घेतलं.

आणि हो, महिनाभर तरी वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग नको. आतला थिनर उडून जाऊ द्या.