मदत हवी आहे : जुन्या सागवानी झडपेवर कुलूप टिकत नाही

जुन्या खिडकीची सागवानी झडप आहे, साधारण 2 फूट उंच. तिच्यावर मोडकी कुलपं, किल्ल्या आणि किनाऱ्यावर वेचलेले शिंपले लावून भिंतीवर टांगायचं पॅनेल करतेय. शिंपले लाकडाच्या पांढऱ्या डिंकाने छान बसले. जड पितळी कुलूप (अंदाजे 300 ग्रॅम) मात्र पडतं. दोन ट्यूबवाला इपॉक्सी लावून, वजन ठेवून 24 तास आडवं ठेवलं होतं. उभं केल्यावर आठवड्यात सुटलं. इपॉक्सी कुलपालाच घट्ट होता, सोबत जुन्या निळ्या ऑइलपेंटचा पापुद्राच निघून आला!

तो उडालेला रंग ठेवायचाच आहे, सगळी मजा त्यातच. शिवाय जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडा घासायचा नाहीये. किल्ल्या तांब्याच्या तारेने बांधल्या, पण कुलपावर तार फार दिसते. कुलपाला भोक पाडायचं नाही.

फक्त कुलपाखालचा रंग ओला करून खरवडला तर पुरेल का? आणि उघडं सागवान तेलकट असतं, तर चिकटवण्याआधी थिनरने पुसायचं की अ‍ॅसिटोनने? पुसल्यावर किती वेळात चिकटवावं?