राज्यक्रांती, स्वातंत्र्ययुद्ध की बंड?

धागाकर्ती
भाचीचा इतिहासाचा निबंध चाललाय. परवा तिने विचारलं, "मावशी, फ्रान्सची राज्यक्रांती, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध आणि हैतीचं गुलामांचं बंड. तिन्हीकडे लोकांनी वरची सत्ता झुगारली ना? मग नावं तीन का?" मी "कारणं वेगळी होती गं" म्हणून वेळ मारून नेली आणि मग स्वतःच अडकले. इंग्रजीत तिन्हींना रिव्होल्यूशन म्हणतात. आपण तीन शब्द का केले? आणि 'राज्यक्रांती'मधलं 'राज्य' तिथे काय करतंय?

पंचांगवाले
राज्य नंतर, आधी क्रांती बघू. पंचांगात हा शब्द फार जुना. सूर्य वर्षभर ज्या वर्तुळावरून सरकताना दिसतो ते क्रांतिवृत्त. धातू क्रम्, म्हणजे पाऊल टाकणं, ओलांडणं. संक्रांत, पराक्रम, आक्रमण, अगदी पालिकेवाले हटवतात ते अतिक्रमण, सगळी एकाच घरची भावंडं.

गंमत म्हणजे रिव्होल्यूशनसुद्धा आकाशातूनच खाली उतरलंय. कोपर्निकसच्या १५४३ सालच्या ग्रंथाच्या नावात ते आहे, खगोलांची परिभ्रमणं या अर्थाने. फरक एवढाच की लॅटिन शब्दात फिरून मूळ जागी येणं आहे. आपल्या क्रम् मध्ये परत येणं नाही, नुसतं ओलांडून जाणं आहे.

मास्तर
पंचांगवाल्यांच्या 'फिरून मूळ जागी'तच सगळी गोम आहे. इंग्लंडात १६८८ साली दुसऱ्या जेम्सला घालवून विल्यम आणि मेरीला आणलं. त्याला तिथल्या लोकांनी रिव्होल्यूशन म्हटलं ते चाक पुन्हा जागेवर आलं या भावनेने: जुने हक्क, जुना कायदा, पार्लमेंटचा मान. आपण त्याला 'रक्तहीन राज्यक्रांती' म्हणतो. (१६९० साली याच जेम्स-विल्यमची आयर्लंडात बॉइन नदीकाठी लढाई झाली, तेव्हा काय पाणी सांडलं होतं?)

अमेरिकेतल्या वसाहतींची सुरुवातही अशीच, मागे बघणारी. इंग्लंड-फ्रान्सचं सप्तवार्षिक युद्ध १७६३ला संपलं, इंग्लंड कर्जात बुडालेलं, म्हणून १७६५ला मुद्रांक कायदा आला. वर्तमानपत्र, दस्तऐवज, पत्त्यांचा जोड, सगळ्यावर स्टँप. वसाहतवाले काही नवं जग मागत नव्हते. आम्हीही इंग्रजच आहोत, पार्लमेंटात आमचा माणूस नसताना आमच्यावर कर कसा लावता, एवढंच त्यांचं म्हणणं. याला मराठीत गाऱ्हाणं म्हणतात, बंडसुद्धा नाही.

चहाबद्दल एक गैरसमज फार पसरलाय, चहा महागला म्हणून पेट्या समुद्रात फेकल्या असा. उलट १७७३च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चहा स्वस्त होणार होता. पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर तेवढा तसाच ठेवला होता. स्वस्त चहा घेतला की कर मान्य केल्यासारखं होणार, ही एक अडचण. आणि चोरटा चहा विकणाऱ्या व्यापाऱ्यांचं दुकान बसणार, ही दुसरी, जरा कमी बोलली जाणारी. १६ डिसेंबरला बॉस्टन बंदरात ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. आपल्याकडे 'कारण' आणि 'निमित्त' हे दोन वेगळे शब्द आहेत. चहा हे निमित्त.

अर्थ फिरला तो पुढे. जानेवारी १७७६मध्ये टॉमस पेनची पत्रिका निघाली. तिने वाईट राजाला नव्हे, राजा या चीजेलाच हात घातला. आता जुन्या जागी परतायचं म्हटलं तरी जागाच उरली नाही. माझ्या मते रिव्होल्यूशन या शब्दाने तिथे 'परत'ची साथ सोडली आणि तो आपल्या क्रम् च्या जवळ आला.

धागाकर्ती
मग आपण त्याला क्रांती का नाही म्हणत?

मास्तर
माझा अंदाज: आपल्याला त्यातला परक्या सत्तेशी लढा ओळखीचा वाटला, म्हणून तेच नाव चिकटलं. पण त्यामुळे युद्धानंतरचं सगळं नावाबाहेर राहतं. राजाशिवाय, वंशपरंपरेशिवाय राज्य चालवायचं म्हणून १७८७ला फिलाडेल्फियात बसून संविधान लिहिलं, ते काही युद्ध नव्हतं. दुसऱ्या बाजूने, गुलामगिरी तशीच ठेवली, तेव्हा 'क्रांती' म्हणायला कोणाची जीभ अडखळली तर मी त्याला दोष देणार नाही.

खवचट
एवढं कशाला? जिंकलं की क्रांती, हरलं की बंड. अपवाद फक्त तिकीट न मिळालेला उमेदवार, तो जिंकला तरी बंडखोरच.

मास्तर
वाक्य झकास, पण टिकत नाही. १८४८ साली पालेर्मो, पॅरिस, व्हिएन्ना, बर्लिन एकामागून एक पेटले आणि पुढच्या वर्षापर्यंत बहुतेक ठिकाणी जुनेच लोक पुन्हा गादीवर आले. तरी त्यांना क्रांत्याच म्हणतात. म्हणजे हरलेली क्रांती असते. निकालावरून नाव पडत नाही.

बंड आणि क्रांती यांतला फरक एका आख्यायिकेत नीट दिसतो. १७८९ला बास्तीय, म्हणजे पॅरिसचा तुरुंग-किल्ला, लोकांच्या हाती पडल्याचं कळल्यावर फ्रान्सच्या राजाने, सोळाव्या लुईने विचारलं, "म्हणजे हे बंड आहे?" लिआंकूरचा ड्यूक म्हणाला, "नाही महाराज, क्रांती आहे." संवाद असाच झाला असेल असं नाही, पण फरक अचूक आहे. बंड मोडता येतं, त्यासाठी फौज पुरते. ड्यूक सांगत होता की हे फौजेच्या आवाक्यातलं नाही.

पंचांगवाले
आता 'राज्य'. मला फ्रान्सच्या बाबतीत हे जोडपद तोकडं वाटतं. ४ ऑगस्ट १७८९च्या रात्री राष्ट्रीय सभेत सरदारांचे विशेष हक्क, सरंजामी देणी, चर्चचा दशमांश यांच्यावर एकामागून एक काट मारली गेली. तेव्हा लुई राजाच होता! राजपद गेलं सप्टेंबर १७९२मध्ये. म्हणजे समाज आधी हलला, राज्य नंतर. आणि आपण नाव ठेवलं राज्यक्रांती.

मास्तर
मान्य, अर्धं. राज्य शेवटी पडलं हे खरं, पण सुरुवात झाली राज्याच्या तिजोरीपासूनच. अमेरिकेच्या युद्धात इंग्लंडचं नाक कापायला फ्रान्सने एक अब्ज लिव्ह्रहून (तेव्हाचं फ्रेंच चलन) जास्त ओतले. १७८८पर्यंत निम्मं उत्पन्न कर्जाचं देणं भागवण्यात जात होतं. सरदार आणि चर्च बऱ्याच करांतून सुटलेले, म्हणून नव्या करासाठी १६१४नंतर न भरलेली, देशातल्या तिन्ही वर्गांची सभा मे १७८९ला बोलवावी लागली. त्यात आदल्या वर्षी १३ जुलैला गारपीट, पीक आडवं, आणि पुढच्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये पाव कडाडलेला. रूसोसारखा विचारवंत वाचून कोणी बास्तीयवर गेलं नाही. पण पाव महागला की करायचं काय, दंगा की जाहीरनामा, हे मात्र वाचलेल्या लोकांनी ठरवलं.

बास्तीयची एक किल्ली लाफायेतने, अमेरिकेच्या युद्धात लढलेल्या फ्रेंच सेनानीने, वॉशिंग्टनला भेट पाठवली, तीही याच पेनच्या हाती सोपवून. ती अजून वॉशिंग्टनच्या घरी, माउंट व्हर्ननला आहे. प्रभाव कुठून कुठे गेला याचा इतका वजनदार पुरावा दुसरा सापडायचा नाही.

धागाकर्ती
त्या सभेवरून आठवलं. 'तिसरी इस्टेट' वाचून भाची म्हणाली, "यांच्याकडे तीन-तीन इस्टेटी होत्या, मग गरीब कसे?"

मास्तर
पोरीचं बरोबर आहे. मराठीत इस्टेट म्हणजे जमीनजुमला, भावाभावांत भांडणं लावणारी. इथे 'तिसरा वर्ग' म्हणावं. पहिला धर्मगुरूंचा, दुसरा सरदारांचा, तिसऱ्यात उरलेला जवळजवळ सगळा देश.

गोंयकार
आमच्याकडचं एक उदाहरण. गोव्यात पोर्तुगीजांविरुद्धचं १७८७चं कांदोळीचं पिंटोंचं बंड. कोणी त्याला कट म्हणतात, कोणी उठाव. फ्रेंच राज्यक्रांतीच्या प्रेरणेने झालं असं सर्रास लिहिलेलं दिसतं. अहो, बास्तीय पडली १७८९ला! मूळ दुखणं घरचंच होतं: गोंयकार पाद्रींना मोठ्या पदांवर बढती मिळत नसे. पंधरा जणांना देहदंड झाला. 'कट' हा पोर्तुगीज सरकारचा शब्द. सरकारच्या कागदांत उठाव कधी होतच नसतो, कट होतो.

धागाकर्ती
आणि हैती?

गोंयकार
तेच. 'गुलामांचं बंड' हे मळेवाल्याच्या ओसरीवरून दिलेलं नाव. ऑगस्ट १७९१ला उसाच्या मळ्यांना आगी लागल्या तेव्हा फ्रान्सच्या त्या वसाहतीत पाच लाखांच्या आसपास गुलाम होते. त्यांचा पुढारी तूसँ लूव्हेर्त्यूर पॅरिसमधली भाषा त्यांच्याच तोंडावर बोलत होता: माणसाचे हक्क म्हणता ना, मग आम्ही कोण? १७९४ला पॅरिसने गुलामगिरी रद्द केली, १८०२ला नेपोलियनने तो निर्णय फिरवला, आणि १ जानेवारी १८०४ला हैती स्वतंत्र झाला. पुढे १८१६ला त्याच हैतीच्या अध्यक्ष पेत्यॉनने दक्षिण अमेरिकेत स्पेनशी लढणाऱ्या बोलिव्हारला बंदुका आणि माणसं दिली, गुलाम मुक्त करशील या अटीवर. बंड म्हटलं की कारणांत फक्त चाबूक येतो. विचार आपण पॅरिसवाल्यांच्या खात्यावर मांडून टाकतो.

मास्तर
एकदम पटलं. आणि पेनची पुस्तकं पुण्यापर्यंत पोचली होती हे विसरू नका. जोतीराव फुल्यांनी त्याचं मानवी हक्कांवरचं पुस्तक तरुणपणी वाचलं, आणि १८७३ची 'गुलामगिरी' अर्पण केली अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना.

खवचट
शुद्धलेखनाचं कोणीच बोललं नाही. क्रांति की क्रांती?

पंचांगवाले
एकटा शब्द किंवा शेवटी आला तर दीर्घ: क्रांती, राज्यक्रांती. समासात आधी आला तर ऱ्हस्व: क्रांतिवृत्त, क्रांतिकारक. 'क्रांतिकारी' हिंदीतून आलाय. माणसासाठी क्रांतिकारकच बरा.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. भाचीने 'गुलामांचं बंड' खोडून 'हैतीची क्रांती' केलंय. अमेरिकेपुढे 'स्वातंत्र्ययुद्ध व क्रांती' असं दोन्ही लिहिलंय. फ्रान्सचं राज्य मात्र तसंच ठेवलंय. पुस्तकात तसं आहे आणि वही सोमवारी द्यायची आहे.